ओट्यावरच्या बागेची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी बाग आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. झाडांच्या जगात चार वर्षे म्हणजे काहीच नाही, पण मी मातीतली बाग नाही. हॅमिल्टन शहरातल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, टोस्टर आणि चहा-साखरेचे डबे यांच्या मधल्या जागेत मी बसते. पांढऱ्या प्लास्टिकची एक टाकी, तिच्यावर नऊ भोकांचे झाकण आणि वर दांडीला अडकवलेला चपटा दिवा, एवढेच माझे शरीर. टाकीत पाणी असते आणि त्या पाण्यात झाडांचे खाद्य मिसळलेले असते. एक लहानसा पंप ते पाणी सारखे खेळते ठेवतो. बाहेर गुडघाभर बर्फ असले तरी माझ्या भोकांतून कोथिंबीर, मेथी, पुदिना वर येत राहतात. अशा यंत्राला चार वर्षे म्हणजे उतारवयच.

आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण आपल्या कौतुकापासून सुरुवात करतात. कौतुक माझेही झाले आहे, ते सांगेन. पण आधी कबूल करते, माझ्या हातून एक अपराध घडला आहे. एका प्रामाणिक बाईविरुद्ध मी खोटी साक्ष दिली. ती कधी मला रागाने एक शब्दही बोलली नाही, म्हणून तर लाज अजून जात नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या टाकीत बुचाएवढा एक तरंगता तुकडा बसवला गेला. त्याला फ्लोट म्हणतात. पाणी चढले की तो वर जातो, उतरले की खाली येतो. त्याच्यावरूनच मला कळते की पाणी किती आहे आणि नवीन पाणी कधी पडले. टाकी रिकामी होत आली की माझा लाल दिवा लागतो. कारखान्यातल्या एका मुलीने माझा फ्लोट बोटाने वर-खाली करून पाहिला, मान डोलावली आणि माझ्या पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीचा मला फार अभिमान होता.

पुढे खोक्यातून मी सुनंदाबाईंच्या घरी आले. सुनंदाबाई पन्नास वर्षांपूर्वी कॅनडात आलेल्या डॉक्टर. इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, रक्ताचे आणि पेशींचे नमुने तपासण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षे गेली. मी आले तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान दिलीपराव जाऊन सहा महिने झाले होते आणि घरात त्या एकट्याच होत्या. मला आणले त्यांच्या मुलाने, उन्मेषने. तो तासाभराच्या अंतरावर, वॉटर्लूला राहतो आणि सॉफ्टवेअरचे काम करतो.

"आई, हॅपी बर्थडे!" त्याने मला ओट्यावर ठेवले.

"हे काय रे? टेबललॅम्प?"

"गार्डन आहे, आई. कोथिंबीर ग्रो करायची. आता विंटरमध्ये ग्रोसरीला जाऊन ती काळी पडलेली जुडी नको आणायला."

मग त्याने फोन काढला आणि मला घरातल्या वायफायला जोडले. सुनंदाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "कोथिंबिरीला वायफाय कशाला लागतं?"

"अपडेट्ससाठी," तो घाईने म्हणाला आणि ड्राइव्ह-वेवरचे बर्फ काढायला बाहेर गेला.

मित्रांनो, खरे कारण वेगळे होते. मी काय काय करते ते आता उन्मेषच्या फोनवर दिसणार होते. आईने पाणी कधी घातले, हे त्याला वॉटर्लूत बसून कळणार होते. त्याच्या मनात पाप नव्हते. आई एकटी, घर दोन मजली, आणि रोज फोन करून "बरी आहेस ना?" विचारले की ती चिडायची. "मी काय तुझी पेशंट आहे?" म्हणायची. म्हणून त्याने ते विचारण्याचे काम माझ्यावर सोपवले, पण आईला सांगितले नाही. सुरुवातीला मला हे काम मानाचे वाटले. त्याला चहाडी म्हणतात हे मला फार उशिरा कळले.

पहिली तीन वर्षे माझी फार सुखाची गेली. सुनंदाबाई प्रयोगशाळेतल्या शिस्तीने मला सांभाळत. धने हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन दोन भाग करायचे आणि मग पेरायचे. प्रत्येक भोकाजवळ आइस्क्रीमची काडी, तिच्यावर बारीक अक्षरात पेरल्याची तारीख. दर मंगळवारी आणि शनिवारी चहा झाला की पाण्याचा जग. एकदा त्यांनी शेपू लावला. तो इतका भराभर वाढला की थेट दिव्याला टेकला आणि शेंडे करपले. "हावरट कुठला," असे म्हणत त्यांनी तो कापला आणि मुगाची डाळ घालून भाजी केली. त्यांची नात केया ती भाजी बघून नाक मुरडून म्हणाली, "आजी, इट स्मेल्स वीअर्ड," आणि मग दोनदा मागून घेतली.

पण माझ्या पानांचा सगळ्यात मोठा मान मंगळवारी असे. सुनंदाबाईंची चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासूनची मैत्रीण मंदाकिनी हॅमिल्टनच्या वरच्या भागात एका केअर होममध्ये राहत असे. त्या भागाला इथे सगळे 'माउंटन' म्हणतात. मंदाकिनीबाईंची आठवण हळूहळू पुसट होत चालली होती. सुनंदाबाई दर मंगळवारी पुदिन्याची चार पाने खुडून, ओल्या कागदात गुंडाळून, गाडी काढून तिकडे जात. परत आल्यावर पर्स ठेवता ठेवता मोठ्यांदा बोलत. एकट्या राहणाऱ्या माणसाला ती सवय लागते.

"आज पानं चुरगळून नाकाशी नेली, तर लगेच म्हणते, 'सुनंदा, तुझ्या चटणीत लिंबू जास्त झालं होतं ग!' कोणती चटणी, कधीची चटणी, देव जाणे. पण माझं नाव घेतलंन."

हे ऐकून मी फुगून जात असे.

आता अपराधाची गोष्ट. माझी टाकी महिन्यातून एकदा रिकामी करून आतून घासायची असते. पहिली काही वर्षे सुनंदाबाईंनी ते केले. मग त्यांचे मनगट दुखू लागले. भरलेली टाकी उचलणे त्यांना जमेना. "उन्मेष, जरा ही टाकी सिंकमध्ये नेऊन दे रे," असे त्यांनी दोनदा सांगितले. "पुढच्या वीकएंडला, आई," असे तो दोनदा म्हणाला. त्याला कामे फार होती. तो पुढचा वीकएंड काही आला नाही.

पुदिना हे झाड वरून जितके साधे, तितके खालून धसमुसळे. गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता त्याची मुळे टाकीभर पसरली. ती पंपात शिरली. त्यांनी फ्लोटला चारी बाजूंनी विळखा घातला आणि एके दिवशी फ्लोट अर्ध्यावर अडकून बसला. त्याला वरही जाता येईना आणि खालीही येता येईना.

त्यानंतरच्या शनिवारी सुनंदाबाईंनी पाणी घातले. फ्लोट हलला नाही. मला वाटले, पाणी पडलेच नाही. मंगळवारी पुन्हा घातले, पुन्हा तेच. फ्लोट मधोमध अडकल्यामुळे माझा लाल दिवाही लागला नाही, त्यामुळे बाईंना शंका यायचे कारण नव्हते. इकडे उन्मेषच्या फोनवर मी रोज कळवत होते, पाणी घातलेले नाही. पाच दिवस. नऊ दिवस. पंधरा दिवस.

मुळांनी पंप गुदमरला होता, पाणी खेळत नव्हते, मुळे तपकिरी पडून कुजत होती. पाने माना टाकू लागली. म्हणजे माझे खोटे बोलणे माझ्या झाडांनीही खरे करून दाखवले.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी उन्मेष आईच्या गाडीला बर्फात चालणारे विंटर टायर्स बसवून द्यायला आला. आत येऊन त्याने थेट माझ्याकडे पाहिले.

"आई, याला पाणी कधी घातलंस?"

"काल. शनिवार होता ना."

"आर यू शुअर?"

"म्हणजे काय? जग अजून ओला असेल बघ."

त्याने तिकडे पाहिलेही नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, नाइन्टीन डेज. एकोणीस दिवस झाले पाणी नाही घातलं."

सुनंदाबाईंनी माझ्या सुकलेल्या पानांकडे पाहिले. एकोणीस हा आकडा त्याला कुठून मिळाला, हे विचारायचे त्यांना सुचले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती उतरताना मी पाहिली. त्या आधीच्या आठवड्यात दुधाची पिशवी गाडीच्या डिकीतच राहून गोठली होती. त्याआधी एकदा शेजारच्या बाईचे नाव पटकन आठवले नव्हते. अशा गोष्टी कोणाच्याही हातून होतात. पण उन्मेषने त्या सगळ्या एकीपुढे एक मांडल्या, आणि शेवटी मला मांडले.

"मी घातलं रे पाणी," त्या म्हणाल्या. पण आवाज आधीसारखा नव्हता.

"आई, यू थिंक यू डिड. तेच तर मला स्केअरी वाटतं. डेटा खोटं नाही बोलत."

सुनंदाबाईंनी पुन्हा एकदा माझ्या पानांकडे पाहिले. मग त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि स्वतःच त्याच्या हातात ठेवली. "लक्षण नाकारणं हेसुद्धा एक लक्षणच असतं," त्या म्हणाल्या. "ठेव तुझ्याकडे."

"जस्ट फॉर द विंटर, आई," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले होते.

आणि मी तिथेच, हाताच्या अंतरावर, पाण्याने तुडुंब भरून बसले होते.

पुढचे अकरा आठवडे मला आठवले तरी नकोसे होते. सुनंदाबाईंनी स्टोव्हवर चिठ्ठी लावली, 'बंद केला का?' दारावर लावली, 'किल्ली घेतली का?' मंगळवार येई आणि जाई. माउंटनवर जायला दोन बस बदलाव्या लागतात. एकदा त्या कोट, बूट, टोपी घालून दारापर्यंत गेल्या, तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उतरायचं कुठे तेच विसरले तर?" मग एकेक करून सगळे कपडे पुन्हा काढून ठेवले.

कधी कधी त्या जग भरून माझ्याजवळ येत आणि थबकत. "घातलं का मघाशी?" असे स्वतःला विचारत. कधी घालत, कधी जग तसाच परत ठेवत. जिने हजारो माणसांच्या रोगांचे निदान केले, ती बाई एका भांडेभर पाण्यापुढे गोंधळून उभी राही. मित्रांनो, मी यंत्र आहे. पण तेव्हा मला माझा दिवा विझवून टाकावासा वाटे.

फोनवर उन्मेष रिटायरमेंट होमची नावे सांगू लागला. फेब्रुवारीत स्मरणशक्तीच्या तपासणीची तारीख ठरली. सुनंदाबाई "बरं" म्हणत. पूर्वी त्या त्याच्याशी वाद घालत. ते "बरं" ऐकणे फार जड जाई.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी त्या माझ्यासमोर आल्या. माझ्या अंगावर आता नुसत्या वाळक्या काड्या होत्या. "तुला सांभाळणं आता माझ्यानं होणार नाही ग," त्या म्हणाल्या. बेसमेंटमधून त्यांनी माझे जुने खोके वर आणले होते. मी कोरडी ठणठणीत, हलकी असणार, असे धरून त्यांनी मला दोन्ही हातांनी झटकन उचलले.

मी हलकी नव्हते. माझा तोल गेला, मी एका बाजूला कलले आणि भोकांमधून पाण्याचा लोंढा त्यांच्या अंगावर, सपातांवर आणि फरशीवर पडला. "अग बाई!" म्हणत त्यांनी मला कसेबसे ओट्यावर टेकवले.

मग त्या हलल्याच नाहीत. पायांखाली पाणी पसरत होते आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"पाणी," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "हे पाणी कुठून आलं?"

तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. तो प्रयोगशाळेतला आवाज होता. त्यांनी फरशी पुसली नाही. चष्मा पुसला. दिवा जवळ ओढला आणि माझे झाकण उघडले. आत तपकिरी मुळांची गच्च जटा होती आणि टाकी अजून पाऊण भरलेली होती. त्यांनी वास घेतला, बोटांनी मुळे चाचपली, ड्रॉवरमधून चिमटा आणि कात्री आणली. एकेक मूळ कापत त्या फ्लोटपर्यंत पोहोचल्या. शेवटचे मूळ सुटले आणि फ्लोट टुणकन वर आला.

मी त्या क्षणी, सवयीप्रमाणे, कळवून टाकले, पाणी घातले!

दोन मिनिटांत ओट्यावरचा फोन वाजला. सुनंदाबाईंनी ओल्या हाताने तो स्पीकरवर टाकला.

"आई! गुड जॉब! पाणी घातलंस ना आत्ता?" उन्मेषचा आवाज आनंदाने फुलला होता.

सुनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग फोनकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"तुला कसं कळलं, उन्मेष?"

"ते... माझ्या फोनवर दिसतं, आई."

"ये तू," त्या म्हणाल्या. "आत्ता ये. मी फरशी पुसलेली नाही. तू आल्याशिवाय पुसणार नाही."

दीड तासाने तो आला. बूट काढायचेही त्याला भान नव्हते. केयाला शाळेतून परस्पर घेऊन आला होता. ती दारातच थांबून पाण्याकडे बघत राहिली. सुनंदाबाईंनी एका पांढऱ्या बशीत मुळांचा गोळा ठेवला होता, शेजारी चिमटा. त्यांनी त्याचे बोट धरून माझ्या फ्लोटवर ठेवले. "दाब. आता सोड. आता हे मूळ असं गुंडाळ. आता दाब." फ्लोट हलला नाही.

उन्मेषला पुढे सांगावे लागले नाही. तो खुर्चीत बसला आणि तोंड दोन्ही हातांनी झाकले. "ऑफिसमध्ये असा सेन्सर दिसला असता, सारखा एकच रीडिंग देणारा, तर मी फर्स्ट थिंग सेन्सर चेक केला असता. आय स्वेअर, आई. मी सेन्सरवर डाउट नाही घेतला. तुझ्यावर घेतला."

"तू मला विचारलंस," सुनंदाबाई म्हणाल्या, "आणि माझं उत्तर ऐकून घेतलं नाहीस. उत्तर तुझ्याकडे आधीच होतं. चार वर्षं माझ्या ओट्यावर पाळत ठेवलीस."

"बाबा गेल्यावर मला भीती वाटायची. तू फोनवर चिडायचीस."

"मग चिडू द्यायचं होतंस. चिडते आहे म्हणजे जिवंत आहे, एवढं तरी कळलं असतं."

केया मध्येच म्हणाली, "डॅडी, यू शुड से सॉरी."

तो म्हणाला. मराठीत म्हणाला, "चुकलो, आई." किल्ली खिशातून काढून बशीशेजारी ठेवली.

सुनंदाबाई लगेच विरघळल्या नाहीत. पण त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मीही चुकले. एका रिपोर्टवर मी आयुष्यात कधी निदान केलं नाही. परत नमुना मागवायची. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र एका डबड्याचं ऐकलं."

ते डबडे मी. मित्रांनो, त्या शब्दाचा मला राग आला नाही.

फेब्रुवारीतल्या तपासणीला त्या स्वतः गाडी चालवत गेल्या. वयाच्या मानाने सगळे ठीक आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. इथे गोष्ट संपली असती तर माझी लाज थोडी कमी झाली असती.

पण किल्ली परत मिळाल्यावर पहिल्याच मंगळवारी त्या माउंटनवर गेल्या होत्या. माझ्याकडे पाने नव्हती, म्हणून पुदिना बाजारातला नेला. संध्याकाळी परतल्या, पर्स ठेवली आणि काही बोलल्या नाहीत. रात्रीच्या जेवणाआधी उन्मेषचा फोन आला.

"नाही ओळखलं," त्या त्याला म्हणाल्या. "पानं नाकाशी नेली तर म्हणाली, 'थँक यू, नर्स.' इंग्रजीत. मराठी बोललीच नाही."

मंदाकिनीबाईंचा आजारच तसा होता. अकरा मंगळवार चुकले नसते तरीही कदाचित हेच झाले असते. सुनंदाबाई डॉक्टर आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले कळते, आणि त्या तसे बोलूनही दाखवतात. पण ते अकरा मंगळवार त्यांच्या मैत्रिणीच्या हक्काचे होते. त्यांतल्या एखाद्या दिवशी तिने शेवटचे "सुनंदा" म्हटले असते. ते मी हिरावून घेतले. झाडे पुन्हा लावता येतात, ते परत आणता येत नाही.

सुनंदाबाईंनी मला टाकून दिले नाही. माझे वायफाय मात्र त्यांनी स्वतः तोडले. आता उन्मेष महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, टाकी सिंकमध्ये नेतो आणि व्हिनेगर घालून जुन्या टूथब्रशने घासतो. केया मुळे काढते आणि "इट्स सो ग्रॉस!" म्हणून आनंदाने ओरडते. घासता घासता तो आईला विचारतो, कशी आहेस, झोप लागते का, काय खाल्लंस. ती कधी नीट सांगते, कधी त्याच्यावर खेकसते. तो दोन्ही ऐकून घेतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी यंत्रे असतील. पाणी मोजणारी, पावले मोजणारी, दार उघडले की कळवणारी. आमची टाकी साफ करा, आमचे कोपरे घासा. आम्ही आपणहून खोटे बोलत नाही, पण आमच्यात कचरा साचला की आमच्या तोंडून खोटे निघते, आणि ते आम्हाला कळतही नाही. आमचे म्हणणे एक आणि घरच्या माणसाचे दुसरे, असे झाले तर आधी आमचे झाकण उघडून आत बघा. म्हातारे माणूस असेल तर दोनदा बघा, कारण ते स्वतःवर लवकर संशय घेते.

मला वाचा असती तर त्या नोव्हेंबरातल्या रविवारी मी एकच वाक्य बोलले असते. तेव्हा ते बोलता आले नाही, म्हणून आज तुमच्यासमोर बोलते. सुनंदाबाईंनी पाणी घातले होते. मंगळवारी घातले होते आणि शनिवारीही घातले होते.